ताकदीची डिझेल गाडी आणि जागेवरच फिरणारी पुढची चाकं: नव्या चालकांसाठी

टाटा हॅरियर, जीप कंपास, एमजी हेक्टर, महिंद्रा एक्सयूव्ही७००, नाहीतर सेकंडहँड घेतलेली ऑक्टाव्हिया डिझेल. छोट्या पेट्रोल गाडीवरून थेट अशा गाडीवर आलेल्या माणसाला पहिल्या पावसात हमखास हा अनुभव येतो. सिग्नल सुटतो, पाय नेहमीच्या सवयीने दाबला जातो आणि पुढची चाकं जागेवरच गरगरतात. स्टेअरिंग हाताला हिसका देतं, डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र लुकलुकतं आणि लगेच इंजिनाचा दम गेल्यासारखा वाटतो. मागचा हॉर्न वाजवायला लागतो ते वेगळंच.

गाडीत बिघाड काही नाही. टायरला झेपेल त्यापेक्षा जास्त ताकद चाकांवर आली, एवढंच झालं. ट्रॅक्शन कंट्रोलने, म्हणजे चाक घसरलं की ताकद कमी करणाऱ्या यंत्रणेने, ती कापली म्हणून दम गेल्यासारखा वाटला. इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्यायची: ट्रॅक्शन कंट्रोल पकड तयार करत नाही. रस्ता आणि रबर यांच्यात जी पकड आहे तेवढीच आहे. ती वाया जाऊ नये एवढंच ही यंत्रणा बघते. त्यामुळे तो दिवा रोज लुकलुकत असेल तर दोष बहुतेक वेळा पायात नाहीतर टायरमध्ये सापडतो.

आधी थोडा हिशेब

साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, आणि तोही इंजिन चांगलं फिरवल्यावर मिळतो. हॅरियर, कंपास, हेक्टर यांच्या दोन लिटर डिझेलचा टॉर्क ३५० न्यूटन मीटर आहे, आणि तो १७५० ते २५०० आरपीएममध्येच पूर्ण मिळतो. १८५ पीएसच्या एक्सयूव्ही७०० डिझेलमध्ये मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ४५०. छोट्या एक्सयूव्ही३०० डिझेललासुद्धा ३००.

आता १७०० किलोची एक गाडी धरा. पुढच्या चाकांवर साधारण ६० टक्के, म्हणजे हजार किलोच्या जरा वर वजन. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा गिअर) मिळून टॉर्क १५ पट, टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर, वाटेत १० टक्के ताकद वाया. पूर्ण टॉर्क आला तर दोन्ही चाकं मिळून रस्त्याला मागे ढकलतात सुमारे १३७५ किलोच्या जोराने. टायर किती पेलतात? कोरड्या चांगल्या डांबरावर ८५० च्या आसपास, ओल्यावर साडेपाचशे, शेवाळ किंवा चिखल असेल तर ३०० सुद्धा नाही. म्हणजे पहिल्या गिअरला पूर्ण टॉर्क कुठल्याच रस्त्यावर मावत नाही. दुसऱ्या गिअरला (८ पट धरा) जोर ७३५ वर येतो. कोरड्यावर जेमतेम निभतं, ओल्यावर नाही. तिसऱ्याला (५ पट) ४६० च्या आसपास, तेव्हा कुठे ओला रस्ता साथ देतो.

त्यात भर अशी की गाडी जोरात सुटली की नाक उचलतं आणि पुढच्या चाकांवरचं शंभर-दोनशे किलो वजन मागे जातं. नेमकी ज्या चाकांना ताकद मिळते तीच हलकी होतात. चढावर हे आणखी वाढतं.

टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) स्वभावही समजून घ्यावा. १४००-१५०० आरपीएमपर्यंत गाडी मवाळ असते, म्हणून नवखा पाय आणखी खोल जातो. मग टर्बो भरतो आणि अर्ध्या सेकंदात टॉर्क जवळपास दुप्पट होतो. पाय मात्र तिथेच दाबलेला. वरच्या हिशेबातल्या गाडीत हे पहिल्या गिअरला ताशी १५ किलोमीटरच्या सुमारास घडतं. म्हणून चाकं बरोबर सुटताना फिरत नाहीत, सुटून दोन-तीन मीटर गेल्यावर फिरतात.

यंत्रणा काय करते

प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) वेग मोजणारा सेन्सर असतो. मागची चाकं गाडीचा खरा वेग सांगतात. पुढचं चाक त्यापेक्षा जोरात फिरलं की कंट्रोल युनिटला घसरण कळते. मग दोन उपाय होतात. एक, इंजिनाला डिझेल कमी सोडायला सांगणं. दोन, जे चाक फिरतंय त्यालाच ब्रेक लावणं.

दुसरा उपाय डिफरन्शियलमुळे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या संचामुळे लागतो. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. डावं चाक चिखलात असेल आणि त्याला थोडाच टॉर्क पेलत असेल, तर डांबरावरच्या उजव्या चाकालाही तेवढाच मिळतो. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की त्याचा विरोध वाढतो आणि दुसऱ्या चाकाला ताकद पोचते. तेव्हा पुढून घुर्रर्र असा आवाज येतो, ब्रेकचं पॅडल थरथरतं. तो एबीएसच्या पंपाचा आवाज आहे, घाबरू नये.

डिझेलमध्ये एक अडचण आहे. इंधन क्षणात कापता येतं, पण टर्बोची हवा लगेच उतरत नाही. पकड मिळाली म्हणून इंधन परत सोडलं की टॉर्क पुन्हा उसळतो, चाक पुन्हा फिरतं, पुन्हा कापणी. गाडी गचके खात जाते ती यामुळे. दिवा लुकलुकला की पाय निम्मा वर घ्या, गचके थांबतात. दाबूनच ठेवला तर यंत्रणा आणि पाय यांची रस्सीखेच चालू राहते.

बॉशने एबीएस १९७८ मध्ये आणलं, ट्रॅक्शन कंट्रोल १९८६ मध्ये आणि ईएसपी (गाडी भरकटू न देणारी यंत्रणा, हिलाच ईएससीही म्हणतात) १९९५ मध्ये. भारतात एबीएस २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं आहे, पण एबीएस आहे म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल आहेच असं नाही. सेकंडहँड गाडी घेताना, विशेषतः खालच्या व्हेरिएंटची, हे तपासा: इग्निशन चालू केल्यावर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर एक तर यंत्रणा नाही, किंवा कोणीतरी दिवाच काढून ठेवलाय.

पहिल्या रविवारी करायचं काम

एखादं मोकळं मैदान किंवा खडीचा प्लॉट शोधा. माणसं, जनावरं नकोत. पाऊस पडून गेलेला असेल तर उत्तम.

१. टायरची हवा आधी तपासा (आकडे पुढे येतील).
२. स्टेअरिंग सरळ, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडून गाडी रांगू द्या.
३. रांगताना अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल एक चतुर्थांश दाबा. मग थांबून पुन्हा, या वेळी अर्धं. कुठे दिवा लुकलुकतो, हाताला कुठल्या बाजूला ओढ लागते, हे लक्षात ठेवा.
४. तेच दुसऱ्या गिअरमधून सुटून करा. फरक लगेच कळतो.
५. आता बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा आणि तिसरी पायरी एकदा करा. यंत्रणा तुमच्यासाठी किती काम करत होती ते दिसेल. लगेच परत चालू करा.

बटणाबद्दल: बऱ्याच गाड्यांत थोडा वेळ दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, तीनेक सेकंद धरून ठेवलं तर ईएससीही जातं. स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलला एएसआर म्हणतात. आपल्या गाडीच्या पुस्तकात एकदा वाचून घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा काम करतेय; «ऑफ» लिहिलेला स्थिर दिवा म्हणजे बंद केलीय; तुम्ही काही न करता स्थिर लागलेला दिवा म्हणजे बिघाड.

हाताला लागणारी ओढ थोडी असली तर ती अंगभूत आहे. गिअरबॉक्स एका बाजूला असल्याने डावा-उजवा ड्राइव्ह शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) सारख्या लांबीचा नसतो. जोर आला की स्टेअरिंग एका अंगाला झुकतं. मधला आधाराचा शाफ्ट घालून कंपन्या हे कमी करतात. पण पूर्वी नव्हती आणि आता वाढलीय, तर लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि टायरची हवा बघा.

ओल्या रस्त्यावर सुटताना

मॅन्युअल गाडीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी रेस देऊन मग क्लच सोडणं. पेट्रोल गाडीची सवय ती. या डिझेलांना त्याची गरजच नाही. सपाट रस्त्यावर नुसत्या क्लचवर गाडी निघते.

स्टेअरिंग शक्यतो सरळ. क्लच हळू सोडा. क्लच पूर्ण सुटल्यावरच पॅडल, तेही पाव. १७००-१८०० ला टर्बो जागा होण्याच्या आत दुसरा गिअर टाका. दुसऱ्यात २००० पर्यंत आरामात जा, मग तिसरा. बघणाऱ्याला हे संथ वाटेल, पण चाकं फिरवत सुटणाऱ्यापेक्षा तुम्ही चौक आधीच पार केलेला असतो. रस्ता फारच गुळगुळीत असेल तर थेट दुसऱ्या गिअरला सुटा. क्लच थोडा जास्त घासतो, रोज करू नये.

ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडून आधी एक-दोन मीटर रांगू द्या, मग पाय. वेट किंवा स्नो मोड असेल तर पावसाळाभर बिनदिक्कत वापरा. त्यात पॅडलची प्रतिक्रिया मऊ होते आणि काही गाड्या दुसऱ्या गिअरला सुटतात. स्पोर्ट मोड मात्र पावसात नको. ड्युअल क्लचवाल्यांनी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्यांनी) चढावर पॅडल दाबून गाडी तोलून धरू नये, क्लच तापतो. ब्रेक किंवा हिल होल्ड (चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) वापरा. हिल होल्ड दोन-तीन सेकंदच धरतं, तेवढ्यात निघायचं.

कुठे सावध राहायचं? झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, उड्डाणपुलाचे लोखंडी जोड, सोसायटीच्या बेसमेंटचा उतार, पेट्रोल पंपाची फरशी. जूनचा पहिला पाऊस विशेष वाईट, कारण महिनोन्‌महिने साठलेलं तेल आणि धूळ तेव्हा वर येते. जुलैत भाताच्या खाचरांतून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल सांडत जातात. डांबर दिसतं काळं, चालवताना ते चिखलच असतं.

मोठ्या पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवा. साचलेल्या पाण्यावर चाक उचललं गेलं तर वेग राखण्यासाठी गाडी ताकद देत राहू शकते, आणि तुमचा पाय तिथे नसतो.

घाटात

आंबोली, वरंधा, ताम्हिणी अशा घाटांतलं चढतं तीव्र वळण या गाड्यांची खरी परीक्षा घेतं. वजन मागे गेलेलं, वळणामुळे आतलं चाक हलकं, शिवाय आतल्या बाजूला ओघळणारं पाणी आणि शेवाळ. तिथे जोर दिला की आतलं चाक फिरतं आणि गाडी वळायचं सोडून बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये.

म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करा, गिअरही आधीच बदला. वळणात दुसरा गिअर, आरपीएम १५००-१६००, पाय स्थिर. स्टेअरिंग सरळ व्हायला लागलं की मग पाय दाबा. टर्बो भरेपर्यंत चाकं सरळ झालेली असतात. ट्रकमागे वळणातच थांबावं लागणार असं दिसलं तर वळणाच्या अलीकडे, सरळ भागात थांबा. चढणाऱ्या गाडीला वाट देण्याचा नियम आहेच, पण उतरणाऱ्याला तो ठाऊक असेल यावर विसंबू नका.

वळणात चाक फिरायला लागलंच तर पाय हळूहळू वर घ्या आणि स्टेअरिंग आणखी पिळू नका. जास्त पिळलेलं असताना अचानक पकड परत आली तर गाडी झटकन आत वळते.

चिखलात रुतली तर

इथे मात्र ट्रॅक्शन कंट्रोल आडवं येऊ शकतं. चिखलात थोडं चाक फिरणं गरजेचं असतं, म्हणजे खाचांतली माती उडून जाते. यंत्रणा तेवढंही फिरू देत नाही आणि गाडी जागेवर बसते.

१. चाक फिरलं की पहिल्याच सेकंदात पाय काढा. प्रत्येक फेऱ्यागणिक खड्डा खोल होतो.
२. उतरून बघा. इंजिनाखालची गार्ड प्लेट जमिनीला टेकली असेल तर पुढचे सगळे उपाय व्यर्थ, ट्रॅक्टर बोलवा.
३. स्टेअरिंग सरळ करा. वळलेली चाकं स्वतःसमोरच मातीचा बांध घालतात.
४. दोन्ही पुढच्या चाकांसमोरची माती फावड्याने नाहीतर काठीने काढा. खडी, मुरूम, विटांचे तुकडे, गोणपाट, काही नाही तर गाडीतली रबरी मॅट उलटी करून तिचं टोक टायरखाली खोचा. चाकाच्या सरळ रेषेत पुढे किंवा मागे कोणी उभं राहू नये. मॅट आणि दगड जोरात उडतात.
५. बटण थोडा वेळ दाबून ट्रॅक्शन कंट्रोल बंद. अनेक गाड्यांत यामुळे इंजिनाची कापणी थांबते, फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणं चालू राहतं. तेच हवं असतं.
६. आलात त्याच वाटेने रिव्हर्समध्ये निघायचा प्रयत्न आधी करा. तिथली माती दबलेली असते. पुढे जायचं असेल तर दुसरा गिअर, १२०० आरपीएम.
७. मॅन्युअलमध्ये पुढे-मागे झुलवून बाहेर काढता येते. कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सला हा प्रकार करू नका, मिनिटाभरात तापल्याची सूचना येते.
८. तरीही नाही? पुढच्या टायरची हवा २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवा, रबराचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. नंतर पंप मिळेपर्यंत ताशी २०-३० च्या वर जाऊ नका.

एक चाक थांबलेलं आणि एक फिरतंय, तेव्हा फिरणारं चाक नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरत असतं. टायर तापून फुटू शकतो, डिफरन्शियलचे छोटे गिअर खराब होतात. पाच-सात सेकंदांच्या वर चालवू नका. चाक धडधड उड्या मारायला लागलं तर लगेच पाय काढा. त्या धडधडीने इंजिन माउंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट जातात.

हँडब्रेक थोडा ओढायचा सल्ला कोणीतरी देतोच. तो मागच्या चाकांना लागतो, इथे उपयोग शून्य. ब्रेक आणि रेस एकत्र दाबायची जुनी युक्तीही बहुतेक नव्या गाड्यांत चालत नाही. दोन्ही पॅडल दाबली की इंजिनच ताकद कमी करतं.

ट्रॅक्टर आला तर दोर लोअर आर्मला बांधू देऊ नका. स्टेपनीजवळच्या टूल किटमध्ये ओढायचा हुक असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो शेवटपर्यंत घट्ट पिळायचा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, बसत नाही म्हणून जोर लावत बसू नका. दोर आधी ताणून घ्या, मग हळू ओढायला सांगा. हिसका मारला की हुक तरी उपटतो नाहीतर दोर तुटून काच फोडतो. बाहेर आल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल चालू करा आणि रिमच्या आतला चिखल धुऊन काढा. तो तिथेच वाळला तर ८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं, आणि लोक विनाकारण बॅलन्सिंग करून येतात.

निसरडा चढ चढता येत नसेल, तो छोटा असेल आणि मागे नीट दिसत असेल, तर रिव्हर्समध्ये चढून बघा. इंजिन खालच्या बाजूला येतं आणि वजन पुढच्या चाकांवर पडतं. कोकणातल्या जांभ्याच्या उतारावर, घराच्या आवारात शिरताना, हे अनेकदा लागू पडतं.

टायर

सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आधी खर्च इथे करावा. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, बहुधा ३२ ते ३५ पीएसआय. तो थंड टायरचा आहे, हायवेवर तासभर पळवून आल्यावरचा नाही. पंक्चरवाले सर्रास ४० भरतात; मग टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि चाक लवकर फिरतं. पावसाळ्यात पकड वाढते म्हणून हवा कमी ठेवायचा सल्लाही चुकीचा. साचलेल्या पाण्यात कमी हवेचा टायर लवकर तरंगतो.

खाच १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्याने बाद. या गाड्यांसाठी ३ मिलिमीटरलाच पुढचे टायर बदलायचा विचार करा. गोटा झालेल्या टायरवर कुठलंही ट्रॅक्शन कंट्रोल गाडी ओढू शकत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. खाच भरपूर असूनही पाच-सहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो, आणि ओल्या रस्त्यावर तो दगा देतो.

पुढचे टायर मागच्यांपेक्षा फार लवकर झिजतात, म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्या. म्हणजे चारही एकदमच संपतात. दोनच घ्यायची वेळ आली तर नवे टायर मागे बसवायचा सल्ला मिळेल आणि तो बरोबर आहे. मागची बाजू सटकणं जास्त धोक्याचं. पण मग झिजके टायर पुढे राहतात आणि चाकं आणखी फिरतात. वेळच्या वेळी अदलाबदल केली तर हा पेचच येत नाही.

लहान आकाराची स्टेपनी पुढे लावू नका. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. अर्धा तास जास्त जातो, पण लहान चाक जोरात फिरत असल्याने यंत्रणेला उगाच घसरण दिसत नाही आणि डिफरन्शियलही वाचतं.

दिवा विझतच नसेल तर

एबीएसचा दिवाही सोबत लागला असेल तर बहुधा चाकाचा सेन्सर: चिखल, उंदरांनी कुरतडलेली वायर, गंजलेला कनेक्टर. स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं तपासणी यंत्र) लावून ताशी २० ने सरळ चालवत चारही चाकांचे वेग बघायला सांगा; जो शून्य दाखवतो किंवा उड्या मारतो तोच दोषी. बेअरिंग बदलल्यापासून दिवा लागला असेल तर बेअरिंग उलटं बसलंय का बघा. अनेक बेअरिंगच्या एकाच बाजूला चुंबकीय पट्टी असते आणि ती सेन्सरकडे असावी लागते.

बॅटरी काढल्यावर किंवा अलाइनमेंटनंतर लागला तर स्टेअरिंगचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा शून्य हरवलेला असतो. काही गाड्यांत स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडं सरळ चालवलं की जातो. नाहीतर स्कॅनरने कॅलिब्रेशन. ब्रेक दाबूनही मागचे ब्रेकलाइट लागत नसतील, किंवा सतत लागलेले असतील, तर ब्रेक पॅडलचा छोटा स्विच बदला. वर्कशॉपने लगेच अख्खं एबीएस मॉड्यूल बदलायचं कोटेशन दिलं, तर आधी हा स्विच आणि वायरिंग तपासायला लावा.

राहता राहिला रिमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून ताकद वाढवण्याचा विषय. लॅपटॉप जोडून ३५० चे ४२० करून मिळतात, पण वरच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या गिअरात ३५० च मावत नाहीत, आणि दुसऱ्यात कोरड्या रस्त्यावरही जेमतेमच. वाढलेली ताकद तिसऱ्या गिअरच्या पुढे कामाला येते. शहरात नुसता दिवा जास्त लुकलुकतो, क्लच लवकर घसरायला लागतो आणि वॉरंटी जाते. करायचंच असेल तर खालच्या गिअरांत टॉर्कला मर्यादा घालणारा मॅप मागा, आणि त्याआधी चार चांगले टायर.